आकार चार, क्रमांक एक

अरबीत दरवाजाला 'बाब' म्हणतात. अक्षरं तीनच: बा, अलिफ, बा. पण छापलेला शब्द निरखून पाहिला तर दोन्ही बा वेगळे दिसतात. उजवीकडचा पहिला बा आखूड, पुढच्या अलिफाला चिकटलेला. डावीकडचा शेवटचा बा होडीसारखा पसरलेला आणि सुटा. दोघांत सारखा आहे तो खालचा एक ठिपका. आता या शब्दाआधी 'अल' लावा, म्हणजे 'अल-बाब'. लगेच पहिला बा पुन्हा रूप बदलतो, कारण आता मागून लाम हे अक्षरही त्याला येऊन जुळतं.

अरबी लिपी जोडूनच लिहिली जाते, छापतानासुद्धा. त्यामुळे बहुतेक अक्षरांना चार रूपं असतात: सुटं, सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं. अलिफ, दाल, वाव अशी सहा अक्षरं मात्र पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत. 'बाब'मधला शेवटचा बा एकटा पडतो तो यामुळेच.

मग संगणकात बा किती? एकच. जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. त्यात बाचा क्रमांक आहे १५७६, अलिफाचा १५७५. म्हणजे 'बाब' साठवला जातो तो १५७६, १५७५, १५७६ असा. 'अल-बाब'साठी त्याआधी १५७५ आणि लामचा १६०४ येतात, एवढंच. बाचा क्रमांक जागचा हलत नाही. शेजारी कोण आहे ते पाहून योग्य रूप निवडायचं काम फाँट आणि मजकूर दाखवणारी प्रणाली ऐन वेळी, पडद्यावर अक्षर उमटताना करतात.

दिशेचंही तसंच. स्मृतीत उजवं-डावं काही नसतं. जे अक्षर आधी वाचायचं ते आधी साठवलेलं असतं. उजवीकडून मांडणी पडद्यावर होते. त्यात एखादी संख्या आली, तर ती अरबीतही डावीकडून उजवीकडे लिहितात, म्हणून एकाच ओळीत दोन दिशा सांभाळाव्या लागतात. त्यासाठी युनिकोडचे सविस्तर नियम आहेत. हे नियम न जाणणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अरबी मजकूर टाकला की सगळी अक्षरं सुटी होतात आणि उलट्या क्रमानं लागतात. आपल्याकडे 'विज्ञान' लिहिताना वेलांटी भलतीकडे जावी आणि 'ज्ञ' फुटून पाय मोडलेला 'ज' दिसावा, तसा हा प्रकार. अरबी वाचणाऱ्याला ते पाहून किती त्रास होत असेल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आकार नव्हे, अक्षराची ओळख साठवायची, हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. शोध घेणं त्यामुळेच सोपं होतं: बा शब्दात कुठेही असो, १५७६ शोधला की सापडतो. जुन्या प्रणालींशी जुळवून घेण्यासाठी युनिकोडनं बाच्या चार रूपांनाही ६५१६७ ते ६५१७० असे वेगळे क्रमांक देऊन ठेवले आहेत, पण नव्या मजकुरात ते वापरू नयेत असंच अपेक्षित आहे. काही पीडीएफमधून मजकूर उचलला की हेच क्रमांक हाती येतात. मग शब्द डोळ्यांना दिसतो, शोधात मात्र सापडत नाही.

खरी अडचण 'या' या अक्षराची आहे. अरबी या १६१०, फारसी या १७४०. शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये दोन्ही हुबेहूब सारखे, खाली दोन ठिपके. शेवटी आले की अरबी 'या'चे ठिपके राहतात, फारसीचे जातात. अरबी कळफलकावर टंकलेलं फारसी नाव आणि फारसी कळफलकावर टंकलेलं तेच नाव पडद्यावर एकसारखं दिसू शकतं, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावं. 'बा'ची चार रूपं १५७६वर परत आणण्याची प्रमाणित पद्धत युनिकोडमध्ये आहे. १६१० आणि १७४० मात्र ती एक करत नाही, कारण ही एका अक्षराची दोन रूपं नसून दोन अक्षरं मानली आहेत. ती जुळवायची जबाबदारी शोधयंत्र लिहिणाऱ्यावर येते.