यशवंत घाडगे स्मारक, मोन्तोने (इटली)

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर लढलेल्या भारतीय सैनिकांचे हे स्मारक मध्य इटलीतील ऊंब्रिया प्रांतात, पेरुज्याच्या उत्तरेकडील मोन्तोने या टेकडीवरच्या गावात आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील, नाईक या हुद्द्यावरील यशवंत घाडगे यांचे नाव त्याला दिले आहे. या पलटणीचे तेव्हाचे अधिकृत नाव ३/५ मराठा लाइट इन्फन्ट्री असे होते. घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना मारले गेले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. मोन्तोनेच्या नगरपालिकेने आणि इटलीतील लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी उभारलेल्या या स्मारकाचे अनावरण जुलै २०२३ मध्ये भारतीय राजदूतांच्या उपस्थितीत झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी तिथे आदरांजली वाहिली.

इटलीच्या मोहिमेत चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन होत्या. ५० हजारांहून अधिक भारतीय सैनिक या आघाडीवर लढले आणि त्यांपैकी ५,७८२ परतले नाहीत. या मोहिमेतील २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सैन्यातील जवानांना मिळाले. कमल राम, यशवंत घाडगे, शेरबहादूर थापा, थमन गुरुंग, नामदेव जाधव आणि अली हैदर हे ते सहा जण. त्यांपैकी घाडगे आणि जाधव हे दोघे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. एकाच रेजिमेंटकडे सहांतले दोन जाणे ही मोठी गोष्ट आहे, तरी महाराष्ट्रात तिची माहिती फार थोड्यांना आहे.

४ जून १९४४ रोजी रोम पडल्यावर जर्मन सैन्य उत्तरेकडे सरकले, पण पळाले नाही. टायबरच्या दोन्ही अंगांच्या डोंगरसोंडा एकामागून एक धरून ठेवायच्या, प्रत्येक सोंडेवर हल्लेखोराचे दिवस खायचे आणि मग मागच्या सोंडेवर जायचे, असा त्यांचा डाव होता. जूनच्या अखेरीस पेरुज्याच्या उत्तरेला आठव्या भारतीय डिव्हिजनची जागा दहाव्या डिव्हिजनने घेतली. तिचे सेनापती मेजर जनरल डेनिस रीड स्वतः पूर्वी ३/५ मराठाचेच कमांडिंग ऑफिसर होते आणि मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनच्या लढाईत त्यांनी ही पलटण लढवली होती. जुलैच्या पहिल्या आठवड्यात उंबेर्तिदे आणि मोन्तोने हाती आले, पण पुढचे चित्ता दी कास्तेल्लो शहर पडायला २२ जुलै उजाडला. नकाशावर हे अंतर किरकोळ दिसते. मधले दोन आठवडे टेकड्यांवरच्या लढायांत गेले.

अशा मुलखात हल्ला कुठे अडतो हे कळले, तर घाडगे यांनी काय केले याचा अर्थ लागतो. पायवाटा अरुंद आणि चढ उभा असल्याने रणगाडे सोबत येऊ शकत नाहीत. आपली माणसे शत्रूच्या अगदी जवळ पोचली की तोफांचा मारा थांबवावा लागतो, नाहीतर गोळे आपल्यावरच पडतात. तोफा थांबल्यापासून खंदकात उडी पडेपर्यंतचा शेवटचा पट्टा पायदळाला स्वतःच्या बळावर पार करावा लागतो आणि खंदकातली मशीनगन नेमकी त्याच पट्ट्यावर रोखलेली असते. जर्मनांची त्या काळची मुख्य मशीनगन एमजी ४२ मिनिटाला सुमारे १,२०० गोळ्या झाडत असे. उघड्यावर तिच्या तडाख्यात सापडलेल्या सेक्शनला, म्हणजे पायदळाच्या छोट्या तुकडीला, पालथे पडायलाही उसंत मिळत नाही.

त्या दिवशी हेच झाले. सेक्शन म्हणजे नाईक, लान्स नाईक आणि शिपाई मिळून साधारण दहा जण. त्यांच्यात एक ब्रेनगन (हलकी मशीनगन), बाकीच्यांकडे रायफली आणि सेक्शन कमांडरकडे टॉमीगन (एकट्याने हातात धरून चालवायची स्वयंचलित बंदूक). घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि कमांडर असलेले घाडगे सोडून बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच मशीनगनवर धावून गेले. आधी त्यांनी हातबॉम्ब टाकला, त्याने मशीनगनसह ती चालवणारा गारद झाला. मग टॉमीगनने मशीनगनवरच्या आणखी एकाला टिपले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यांनी दस्त्याने ठार केले. त्यानंतर नेम धरून बसलेल्या शत्रूच्या बंदूकधाऱ्यांनी त्यांच्या छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला. तेव्हा ते २२ वर्षांचे होते.

व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रातील मॅगझिनचा उल्लेख पुष्कळदा वाचता वाचता सुटून जातो, पण सगळे त्यात आहे. टॉमीगनच्या मॅगझिनमध्ये २० किंवा ३० गोळ्या बसत आणि चाप दाबून धरला तर त्या दोन-तीन सेकंदांत संपत. मॅगझिन बदलायचे म्हणजे रिकामे काढायचे, पट्ट्याच्या थैलीतून भरलेले घ्यायचे, बसवायचे आणि खटका ओढायचा. सरावलेल्या हातालाही काही सेकंद लागतात आणि तेवढा वेळ दोन पावलांवरचा शत्रू देत नाही. बंदूक मात्र साडेचार-पाच किलोची होती. तिचा सोट्यासारखा वापर करणे हा त्या क्षणी उरलेला एकच मार्ग होता. मराठीत कुठे कुठे त्यांनी संगिनीने दोघांना मारल्याचे लिहिलेले आढळते, ते चुकीचे आहे.

घाडगे मूळचे तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. जन्म १६ नोव्हेंबर १९२१. माणगावात त्यांचा पुतळा आहे. रेजिमेंटची भरती कोकण आणि देश या दोन्ही भागांतून होत असे. कोकणातल्या कित्येक घरांत पलटणीची नोकरी पिढीजात होती.

दुसरे मानकरी नामदेव जाधव हे १/५ मराठाचे, म्हणजे ‘जंगी पलटण’चे शिपाई, नगर जिल्ह्यातले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदी ओलांडताना ते कंपनीचे निरोप्ये होते. सुरुंग पेरलेल्या पाण्यातून आणि काठावरून त्यांनी दोन जखमींना एकामागून एक सुरक्षित जागी नेले आणि मग एकट्याने मशीनगनची तीन ठाणी नष्ट केली. हाताला जखम झाल्यामुळे टॉमीगन चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबॉम्ब वापरले. शेवटी नदीच्या बांधावर उभे राहून, उखळी तोफांचा मारा चालू असताना, मराठ्यांची युद्धगर्जना देत त्यांनी मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. ते जगले आणि १९८४ मध्ये पुण्यात वारले.

मोन्तोनेचे स्मारक म्हणजे एक चालते सूर्यघड्याळ आहे. त्यावरील लॅटिन वचनाचा अर्थ ‘आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो’ असा आहे. सूर्यघड्याळात सावली पाडणारा भाग म्हणजे शंकू. त्याची कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर असावी लागते, म्हणजे क्षितिजाशी तिचा कोन त्या जागेच्या अक्षांशाइतका हवा. मोन्तोनेत तो सुमारे ४३.४ अंश येतो. हेच घड्याळ उचलून माणगावात ठेवले तर वेळ चुकेल, कारण तिथे कोन १८ अंशांच्या जवळ लागतो. भेट देणारे घड्याळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहतात आणि ते चुकते आहे असे समजतात. खरे तर इटलीची प्रमाणवेळ १५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि मोन्तोने त्याच्या पश्चिमेला, १२.३ अंशांवर असल्याने तिथे सूर्य सुमारे ११ मिनिटे मागे असतो. वर्षाच्या दिवसांप्रमाणे यात १६ मिनिटांपर्यंत आणखी फरक पडतो. शिवाय उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे केलेली असतात. त्यामुळे १० जुलैला सावली मध्यान्हीवर येते तेव्हा मनगटावर एक वाजून साधारण १६ मिनिटे झालेली असतात.

स्मारक एका माणसाच्या नावाने असले तरी ते इटलीत लढलेल्या सर्वच भारतीय सैनिकांसाठी आहे. ते तसेच असायला हवे होते, कारण घाडगे एकटे धावले ते बाकीचे आधीच पडले होते म्हणून. त्या सेक्शनमधल्या शिपायांची नावे कुणाच्या तोंडी नाहीत.

घाडगे यांची समाधी किंवा थडगे मोन्तोनेत शोधू नये, ते कुठेच नाही. त्यांचे नाव रोमच्या दक्षिणेला कासिनो येथील युद्धस्मारकावर आहे. ज्यांच्या अंत्यविधीची जागा ठाऊक नाही अशा चार हजारांहून अधिक राष्ट्रकुल सैनिकांची नावे तिथे हिरव्या संगमरवरावर कोरलेली आहेत. हिंदू आणि शीख सैनिकांना शक्य तिथे अग्नी दिला जाई आणि मुसलमान सैनिकांचे दफन होई. ज्यांना अग्नी दिल्याची नोंद आहे त्यांची नावे वेगळ्या दहनस्मारकांवर आहेत. त्यांतील मोठी दोन म्हणजे फोर्ली, जिथे ७६८ जणांची नोंद आहे, आणि सांग्रो नदीजवळचे, जिथे ५१७ जणांची आहे. म्हणून इटलीत गेलेल्या आजोबा-पणजोबांचा ठावठिकाणा काढणाऱ्यांनी एकच यादी पाहून थांबू नये.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन) नोंदीत शोधताना आधी रेजिमेंट आणि मृत्यूची तारीख धरावी, नाव नंतर. कारकुनांनी नावे ऐकली तशी रोमन लिपीत उतरवली, त्यामुळे एकच आडनाव चार तऱ्हांनी लिहिलेले सापडते. कित्येकांचे आडनाव नोंदलेलेच नाही, फक्त स्वतःचे आणि वडिलांचे नाव आहे. गावांच्या नावांचीही तीच गत, पण तालुका आणि जिल्हा बहुधा ओळखू येतो. जिल्हा मात्र ‘कुलाबा’ म्हणून शोधावा, ‘रायगड’ हे नाव १९८१ नंतरचे. आणि पलटणीचा क्रमांक नीट पाहावा: तेव्हाची ३/५ मराठा १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि ‘२ पॅरा’ झाली, त्यामुळे तिचा पुढचा इतिहास मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नावाखाली मिळत नाही.