खुराडं लहान असेल तर कोंबडी कोणती घ्यावी?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक. पिल्लं किंवा तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) नेण्याआधी एकदा वाचावं.

आमच्याकडे येणारा जवळपास प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो, की सगळ्यात जास्त अंडी कोणती कोंबडी देते? त्याचं उत्तर सोपं आहे. लेगहॉर्न, किंवा खास अंड्यांसाठी तयार केलेली संकरित कोंबडी. चांगल्या सांभाळात ती वर्षाला २८० ते ३०० अंडी देते. पण एवढं ऐकून पेटी उचलून निघालेला माणूस दोन-तीन महिन्यांनी परत येतो. कोंबड्या शेजाऱ्यांच्या भिंतीवर जाऊन बसतात, जवळ गेलं की फडफडाट करतात, एकमेकींची पिसं उपटतात, अशी त्याची तक्रार असते. कोंबडीत खोट नसते, ती त्या जागेची नसते. म्हणून हल्ली आम्हीच उलट विचारतो, खुराडं केवढं आहे?

आधी टेप घ्या

आतली जागा मोजा. पाट्या किंवा तारेची जाळी जिथे संपते तिथपर्यंतची, बाहेरची नव्हे. अंडी घालायचे खोके जमिनीवर ठेवले असतील तर तेवढी जागा वजा करा. मध्यम आकाराच्या कोंबडीला झोपण्याच्या खोलीत निदान चार चौरस फूट आणि त्याला जोडून जाळीच्या आवारात आठ ते दहा चौरस फूट लागतात. म्हणजे चार बाय तीनचं खुराडं हे तीन कोंबड्यांचं खुराडं. पाच मावतात, हे खरं आहे. रात्री दांड्यावर तर सातही मावतील. अडचण सकाळी सुरू होते, जेव्हा धान्याच्या भांड्यापाशी कळपात सगळ्यांत खालचा मान असलेल्या कोंबडीला टोच बसते आणि तिला पळून जायला कोपराच उरत नाही.

बसायच्या दांड्यावर प्रत्येकीला आठ ते दहा इंच हवेत, भारी जातींना फूटभर. दांडा साधारण दोन इंच रुंद आणि वरून कडा मारलेला असावा. गोल बारीक बांबूवर कोंबडीला बोटं आवळून बसावं लागतं. भारी जातींसाठी तो दीड-दोन फुटांहून उंच बांधू नका. चार किलोचं धूड रोज सकाळी वरून धपकन उडी मारतं, तळव्याला जखम होते, त्यात पू धरतो आणि मग महिनाभर लंगडणं चालतं.

स्वभाव अंड्यांच्या आधी

मोकळ्या रानात कोंबडीचा स्वभाव फारसा जाणवत नाही. बारा चौरस फुटांत तो रोज जाणवतो.

लेगहॉर्न मूळची इटलीची. अंग हलकं, दोन किलोच्या आसपास, खाणं कमी, अंडी पांढरी आणि भरपूर. पण ती सदा बिचकलेली असते आणि उडते चांगली. आवार वरून जाळीने झाकलेलं नसेल तर लेगहॉर्न नेऊ नका. इजिप्तची फायूमी याच पंथातली. उन्हाला आणि आजाराला चिवट, पण हातात धरली की आकाशपाताळ एक करते.

असीलबद्दल स्पष्टच लिहितो. रुबाबदार पक्षी आहे, पिल्लांची आई म्हणून तिला तोड नाही. पण झुंजीसाठी जोपासलेलं ते रक्त आहे. माद्यासुद्धा एकमेकींना सोडत नाहीत, आणि अंडी वर्षाला फार तर साठ-सत्तर. लहान खुराड्यासाठी कोणी मागितली तर आम्ही देत नाही. कडकनाथची गोष्ट निराळी. काळी कातडी, काळा तुरा, अगदी हाडांवरही काळी झाक, यामुळे तिला मागणी खूप आहे. ती काटक आहे, पण वर्षाकाठी शंभराच्या आसपासच अंडी देते, तीही लहान. हौस म्हणून जरूर घ्या, नाश्त्याच्या हिशोबात मात्र धरू नका.

पहिल्यांदाच कोंबड्या पाळणाऱ्याला आम्ही बहुधा तिघींपैकी एक सुचवतो. ऱ्होड आयलंड रेड, ऑस्ट्रलॉर्प किंवा ससेक्स. तिघीही मध्यम-भारी, अडीच ते तीन किलोच्या, वर्षाला दोनशेच्या वर तपकिरी अंडी देणाऱ्या. बंदिस्त जागेत त्या लवकर रुळतात आणि चार फुटांची जाळी ओलांडायच्या फंदात सहसा पडत नाहीत. त्यातली ऱ्होड आयलंड रेड थोडी दांडगट. मऊ जातींबरोबर ठेवली की राज्य तीच करते. ससेक्स चौकस. तुम्ही फावडं घेऊन वाफ्यात उतरलात की पात्याखाली डोकं घालायला ती पहिली हजर. ऑस्ट्रलॉर्प तिघींत शांत. काळ्या पिसांवर ऊन पडलं की हिरवी झळाळी दिसते, आणि याच जातीच्या सहा कोंबड्यांनी १९२२-२३ साली ऑस्ट्रेलियात ३६५ दिवसांत १८५७ अंडी दिली होती, म्हणजे एकीमागे ३०९ हून जास्त. तो विक्रम होता हे ध्यानात ठेवा. तुमच्या खुराड्यात दोनशे-सव्वादोनशे मिळाली तरी कोंबडी चांगली समजा.

ऑर्पिंग्टन आणि ब्रह्मा दिसायला गोंडस, स्वभावाने गरीब, लहान मुलांच्या कुशीतही बसणाऱ्या. पण जागा दीडपट, खाणं जास्त आणि अंडी कमी. ब्रह्माच्या पायांवर पिसं असतात. पावसाळ्यात आवारात चिखल झाला की त्या पिसांना मातीचे गोळे चिकटतात आणि ते तुम्हालाच बसून धुवावे लागतात. जमीन कोरडी राहत असेल तरच तिचा विचार करा.

बॅंटम म्हणजे बुटक्या जाती, मोठ्या कोंबडीच्या चौथाई-तिहाई अंगाच्या. अंडं जवळपास निम्मं. खुराडं खरोखरच चिमुकलं असेल तर दोन मोठ्या कोंबड्या कोंबण्यापेक्षा चार बॅंटम सुखाने राहतात. फक्त वरून जाळी हवीच, कारण त्या पाखरासारख्या उडतात.

तुरा बघा, हवा कळेल

कोंबडीला घाम येत नाही. अंगातली उष्णता ती धापा टाकून आणि तुऱ्यातून, गळ्याखालच्या लोंबत्या लोळ्यांतून बाहेर टाकते. म्हणून उष्ण हवेत मोठ्या, उभ्या, एकेरी तुऱ्याच्या हलक्या जाती बऱ्या. उघड्या मानेची एक जात मिळते. मानेवर पीसच नाही आणि अंगावरही पिसं विरळ. दिसायला ओबड, गिऱ्हाईक तिला पाहून नाक मुरडतं, पण कडक उन्हाळ्यात बाकीच्या धापा टाकत असताना ती चरत असते. कडाक्याच्या थंडीत हिशोब उलटा. मोठ्या तुऱ्याची टोकं गारठून काळी पडतात, म्हणून तिथे वायनडॉटचा चपटा तुरा किंवा ब्रह्माचा बसका तुरा बरा.

दुपारी दोन वाजता खुराड्यापाशी जाऊन उभे राहा. चोच उघडी, मान पुढे, पंख अंगापासून फाकवलेले, असं चित्र रोज दिसत असेल तर जात बदलण्याआधी सावली आणि गार पाणी वाढवा. पत्र्याचं छप्पर बहुतेक वेळा खरा गुन्हेगार असतं.

आमच्याकडून झालेली चूक

दुकानामागे आमचं नमुन्याचं खुराडं आहे. त्यात आम्ही एकदा तीन ऱ्होड आयलंड रेड आणि दोन सिल्की एकत्र ठेवल्या. सिल्कीची पिसं केसांसारखी मऊ असतात, पायाला पाच बोटं असतात आणि डोक्यावर असा झुपका असतो की तिला बाजूचं नीट दिसत नाही. टोच कुठून येते हे तिला कळतच नाही. आठवड्याभरात एकीचा झुपका विरळ झाला. पिसं गळत असतील म्हणून आम्ही सोडून दिलं. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी दार उघडलं तर तिच्या टाळूवर पीस नव्हतं, रक्ताची रेघ डोळ्यापर्यंत आली होती आणि बाकीच्या तिघी आळीपाळीने तिथेच टोचत होत्या. कोंबड्यांना लाल रंग दिसला की त्या थांबत नाहीत. सिल्की वाचली, पण पुढे कायम वेगळी राहिली.

तेव्हापासूनचा आमचा नियम असा, की लहान खुराड्यात वजन आणि स्वभाव जुळणाऱ्याच जाती एकत्र. रंग वेगवेगळे घ्या, हरकत नाही. झुपकेवाल्या घ्यायच्या तर सगळ्या झुपकेवाल्याच. आणि जुन्या कोंबड्यांत नवी एकटी कधीच सोडू नका, निदान दोन सोडा. त्याआधी तीन-चार आठवडे त्यांना अगदी वेगळ्या जागी ठेवा, म्हणजे आजार असेल तर तिथेच कळेल. मग आठवडाभर मध्ये जाळी ठेवून ओळख होऊ द्या.

अंड्यांचा खरा हिशोब

एक अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात. त्यामुळे उत्तम कोंबडीसुद्धा रोज थोडी मागे सरकते आणि मध्येच एक दिवस खाडा करते. तलंग १८ ते २४ आठवड्यांची झाली की अंड्यावर येते, भारी जाती त्याहून उशिरा. दिवस लहान झाला की अंडी कमी होतात, कारण पूर्ण भरात राहायला चौदा-सोळा तासांचा उजेड लागतो. दीड वर्षाच्या आसपास पिसं झडतात, तेव्हा दोन-तीन महिने अंडी जवळजवळ बंद. पुढे दर वर्षी अंडी कमी होत जातात, पण कोंबडी मात्र सहा-सात वर्षंही जगू शकते. त्या उरलेल्या वर्षांत तिचं काय करायचं हे घरात आधीच बोलून ठेवा. तीनच जागा असलेल्या खुराड्यात तीन म्हाताऱ्या कोंबड्या म्हणजे घरात अंडं नाही.

संकरित कोंबडी पहिल्या वर्षी झपाटून अंडी देते आणि दुसऱ्या वर्षानंतर लवकर थकते. अंडाशयाचे आणि अंडनलिकेचे आजारही तिच्यात जास्त दिसतात. शुद्ध जाती कमी देतात, पण जास्त वर्षं देतात. शिवाय संकरित कोंबडीची पिल्लं आईसारखी निघत नाहीत, म्हणून वंश वाढवायचा असेल तर शुद्ध जातच घ्या.

अंड्याचा रंग जातीवर ठरतो, खाण्यावर नाही. बहुतेक जातींत कानाची पाळी पांढरी तर अंडी पांढरी, पाळी लाल तर तपकिरी. अपवाद आहेत. तपकिरी अंडं फोडून टरफल आतून पाहा, पांढरं दिसेल. रंग शेवटच्या टप्प्यात वरून चढतो. चिलीच्या अराउकानाच्या निळ्या अंड्याचं टरफल मात्र आतूनही निळं असतं. पोषणात फरक काही नाही.

आणि नाही, अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. तो फक्त पिल्लांसाठी लागतो. पहाटे चारला आरवणारा कोंबडा आणि दाट वस्ती यांचं जमत नाही. कोंबडाच काय, कोंबड्या पाळायलाही तुमच्या भागात परवानगी लागते का, ते आधी विचारून घ्या.

खुडूक बसली तर

सिल्की, ऑर्पिंग्टन आणि असील वारंवार खुडूक होतात, म्हणजे अंडी उबवायला बसतात. लेगहॉर्न आणि संकरित क्वचितच. खुडूक कोंबडी खोक्यात ताटलीसारखी पसरून बसते, हात नेला की पिसं फुलवून गुरगुरते, छातीची पिसं उपटते आणि दिवसातून एकदा कशीबशी खायला उठते. खाली अंडं नसलं तरी बसते. आमच्याकडच्या एका सिल्कीने गुळगुळीत गोट्यावर बारा दिवस काढले. या काळात ती अंडी देत नाही आणि खोकं अडवून ठेवते. तीन कोंबड्यांमागे एकच खोकं असेल तर बाकीच्या कुठेही अंडी घालू लागतात. पिल्लं हवी असतील तर फळणारी अंडी तिच्याखाली ठेवा, २१ दिवसांत काम होतं. नको असतील तर तारेच्या तळाच्या, जमिनीपासून उंच टांगलेल्या पिंजऱ्यात तिला तीन-चार दिवस दाणापाण्यासह ठेवा. पोटाला वारा लागला की खूळ उतरतं.

पिल्लं की तलंगा?

पहिलीच वेळ असेल तर १६ ते १८ आठवड्यांच्या तलंगा घ्या. एक दिवसाच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत न्यायची. नर-मादी न निवडलेल्या पिल्लांत निम्मे कोंबडे निघतात. ऱ्होड आयलंड रेडचा नर आणि पट्टेरी प्लिमथ रॉकची मादी यांच्या काळ्या पिल्लांत नराच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो, त्यामुळे ती पहिल्याच दिवशी ओळखता येतात. इतर बहुतेक जातींत अशी सोय नाही.

कोणाकडूनही घ्या, मॅरेक, मानमोडी आणि देवी या कोंबड्यांच्या आजारांच्या लसी झाल्या का ते विचारा. हातात घेऊन पाहा. डोळे कोरडे आणि टवटवीत, नाक स्वच्छ, मागची पिसं विष्ठेने न माखलेली, छातीचं हाड धारदार न लागणारं. पंखाखाली पिसं बाजूला सारून उवा आहेत का तेही पाहा, आम्ही रागावत नाही.

घरी नेल्यावर पेटी सावलीत उघडा आणि आधी पाणी दाखवा. पहिला आठवडाभर खुराडं आणि आवार बंदच ठेवा. नंतर संध्याकाळी दार उघडं ठेवलं तरी अंधार पडताना त्या आपल्या पायांनी आत जातात. एखादी बाहेर राहिलीच तर पूर्ण अंधार होऊ द्या. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही, अलगद उचलून दांड्यावर ठेवली की ती तिथेच बसून राहते.