अमेरिकेतून आरोपी आणायचा, तर अर्ज कोण करतं?

कसाबला जिवंत धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. त्यामुळे एप्रिल २०२५ मध्ये त्याच २६/११ च्या मुंबई हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणाला अमेरिकेतून भारतात आणलं, तेव्हा साताऱ्यातही लोक विचारत होते, दोन्ही देश एवढे दोस्त, मग इतकी वर्षं कशाला लागली?

दोस्ती असली तरी फैसला कागदांवर होतो. भारत-अमेरिका प्रत्यर्पण करार, म्हणजे आरोपी एकमेकांच्या ताब्यात देण्याचा करार, १९९७ चा. अर्ज फक्त भारत सरकार करतं, तोही परराष्ट्र मंत्रालयामार्फत. फिर्यादीला किंवा त्याच्या वकिलाला थेट अर्ज करता येत नाही. म्हणजे साताऱ्यातल्या एखाद्या गुन्ह्यातला आरोपी न्यू जर्सीत जाऊन बसला, तरी सुरुवात आपल्याच पोलीस ठाण्यातून: दोषारोपपत्र, कोर्टाचं अटक वॉरंट, मग राज्याचा गृह विभाग आणि दिल्ली.

कृत्य दोन्ही देशांत गुन्हा हवं आणि शिक्षा एक वर्षाहून जास्त असलेली हवी. त्याच गुन्ह्याचा निकाल तिकडे आधीच लागला असेल, तर आरोपी मिळत नाही. राणा यावरच अडून बसला होता, कारण मुंबई हल्ल्याच्या कटाच्या आरोपातून शिकागोत २०११ मध्ये त्याची सुटका झाली होती. भारतातल्या गुन्ह्यांचे घटक, म्हणजे सिद्ध कराव्या लागणाऱ्या गोष्टी, वेगळे, असं तिथल्या कोर्टांनी ठरवलं. मे २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, तरी अपिलं जानेवारी २०२५ पर्यंत चालली.

कागदपत्रं: एफआयआर, दोषारोपपत्र, वॉरंट, जबाब, लागू कलमांचा मजकूर, आरोपीची ओळख पटवणारे पुरावे आणि प्रथमदर्शनी गुन्हा दाखवणारं प्रतिज्ञापत्र. सगळं इंग्रजीत. खरी कसोटी इथे लागते. 'सदर इसम पंचांसमक्ष' अशा थाटाचा, हाताने खरडलेला पंचनामा लॉस एंजेलिसच्या न्यायाधीशाला कळेल असा उतरवायचा असतो. भाषांतर उरकून टाकलं की बचाव पक्षाचं फावतंच.

इंटरपोलची रेड नोटीस, म्हणजे आरोपीला शोधून धरून ठेवा अशी देशोदेशीच्या पोलिसांना विनंती, निघाली म्हणजे काम झालं, असंही नाही. तेवढ्यावर अमेरिकेत अटक होत नाही. घाई असेल तर तात्पुरत्या अटकेची विनंती करता येते, पण नंतर मुदतीत पूर्ण कागद पोचवावे लागतात. आरोपी नको, फक्त बँकेचे किंवा ईमेलचे तपशील हवे असतील, तर वाट वेगळी: केंद्रीय गृह मंत्रालय आणि परस्पर कायदेशीर साहाय्याचा करार.

आणि कलमं पहिल्यापासून नीट लावावीत. ज्या गुन्ह्यासाठी आरोपी ताब्यात दिला, त्यावरच खटला चालतो. मागाहून जुनं दुसरं प्रकरण जोडायचं, तर पुन्हा अमेरिकेची संमती मागावी लागते.