कॅप्सूल एंडोस्कोपी

कॅप्सूल एंडोस्कोपी : पाण्याच्या घोटाबरोबर गिळता येणाऱ्या बिनतारी कॅमेऱ्याने पचनमार्गाची, मुख्यतः लहान आतड्याची, आतून छायाचित्रे घेण्याची तपासणी. कॅप्सूल सु. २६ मिमी. लांब व ११ मिमी. जाड असते, वजन ४ ग्रॅमपेक्षा कमी. एका टोकाच्या पारदर्शक घुमटाआड भिंग आणि पांढरा उजेड देणारे एलईडी, त्यामागे प्रतिमा टिपणारी चकती, बटणासारखे छोटे सेल आणि रेडिओ प्रक्षेपक अशी तिची अंतर्रचना असते. तिला मोटार नसते. आतड्याच्या नेहमीच्या हालचालीने घास पुढे सरकतो, तशीच तीही सरकते.

तोंडावाटे घातलेली दुर्बीण जठर ओलांडून ग्रहणीपर्यंत, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागापर्यंत, जाते. गुदद्वारावाटे घातलेली दुर्बीण मोठे आतडे पाहून लहान आतड्याच्या शेवटच्या तुकड्यात जेमतेम डोकावते. मधले कित्येक मीटर लांबीचे आतडे या दोन्हींना दिसत नाही. रक्त जाते आहे, हिमोग्लोबिन घसरते आहे, पण दोन्ही दुर्बिणी ‘नॉर्मल’ म्हणतात, अशा रुग्णांसाठी ही गोळी आली.

गाव्रिएल इद्दान हे इस्रायलच्या संरक्षण संशोधन संस्थेतील अभियंते क्षेपणास्त्रांच्या ‘डोळ्यां’वर काम करीत. १९८१ मध्ये एतान स्कापा या पोटविकारतज्ज्ञांशी झालेल्या गप्पांतून त्यांना गिळण्याजोग्या कॅमेऱ्याची कल्पना सुचली. लंडनमध्ये पॉल स्वेन स्वतंत्रपणे याच खटपटीत होते. पुढे दोघे एकत्र आले. २००० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात शोध प्रसिद्ध झाला आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला परवानगी दिली.

तपासणीच्या आदल्या दिवशी पातळ आहार, रात्री पोट साफ करणारे द्रावण आणि त्यानंतर उपाशी राहणे, अशी तयारी असते. लोहाच्या गोळ्या काही दिवस आधीच थांबवतात, कारण त्यांनी आतडे काळपट दिसते. रुग्णाच्या पोटावर संवेदक चिकटवतात किंवा पट्टा बांधतात आणि रेकॉर्डर कमरेला अडकवतात. भूल नाही, सलाइन नाही. साधारण दोन तासांनी पाणी, चार तासांनी हलके खाणे चालते. सेकंदाला दोन चित्रे या गतीने आठ तासांत ५७,६०० चित्रे जमतात. ती बघायला डॉक्टरांना अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत पडद्यासमोर बसावे लागते. निरोगी लहान आतडे पडद्यावर ओल्या टर्किश टॉवेलसारखे दिसते; लाखो बारीक अंकुर लवलवत असतात. त्यात एखादा लाल ठिपका एकाच चित्रात चमकून जातो, आणि मग कॅप्सूल उलटी होऊन पुढचे मिनिटभर नुसता फेस दिसतो. पोटाची सफाई नीट व्हायला हवी, असा आग्रह असतो तो यासाठीच.

रक्तस्रावाचे मूळ शोधणे हा या तपासणीचा पहिला उपयोग. उघड रक्त जात असेल तर ती शक्यतो ४८ तासांत करावी, असे युरोपीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. उशीर झाला की वाहणारी जागा थांबते आणि पुरावा पुसला जातो. लोहाच्या कमतरतेचा न उलगडणारा रक्तक्षय, क्रोहन या आतड्याच्या दीर्घकालीन दाहाच्या आजाराचे व्रण, लहान आतड्यातील गाठी, तसेच गव्हातील ग्लूटेनमुळे होणाऱ्या सीलिअॅक आजारातील गुंतागुंत यांतही ती उपयोगी पडते. भारतात या कॅमेऱ्याने अनेकदा आतड्याला चिकटून रक्त पिणारे अंकुशकृमी पकडले आहेत. अशा वेळी इतका महागडा शोध जंताच्या साध्या गोळीवर संपतो! मात्र इतर काहीच लक्षण नसताना, नुसते पोट दुखते म्हणून केलेल्या तपासणीत क्वचितच काही हाती लागते. कॅप्सूल एकदाच वापरायची असल्याने खर्चही मोठा असतो.

तिची मोठी मर्यादा म्हणजे ती फक्त बघते. तुकडा काढत नाही, रक्त थांबवत नाही, मागे वळत नाही. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग आणि क्रोहन यांचे व्रण सारखेच दिसू शकतात, आणि निवाड्यासाठी तुकडा लागतो. त्यासाठी मग फुग्याच्या आधाराने खोल जाणारी लांब दुर्बीण वापरावी लागते. जठर मंद असेल, उदा., जुन्या मधुमेहात, तर मोठ्या आतड्यात पोचण्याआधीच सेल संपू शकतात.

मुख्य धोका अडकण्याचा. दोन आठवड्यांनंतरही गोळी शरीरातच असेल तर ती अडकली असे मानतात. रक्तस्रावाच्या रुग्णांत हे प्रमाण साधारण शंभरांत एक-दोन असते. क्रोहनचे निदान आधीच झालेल्यांत ते अधिक. आतडे कुठेतरी अरुंद झालेले असते : क्षयरोगाने, क्रोहनने, गाठीने, पोटावर घेतलेल्या किरणोपचाराने किंवा सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी. या गोळ्यांमुळे आतड्यात पडद्यासारखी पातळ कडी तयार होतात. ती सीटी स्कॅनमध्येही निसटू शकतात. म्हणून ‘जेवल्यावर पोट फुगून कळा येतात का, मग गुडगुडून सुटते का’ हा तपासणीआधीचा प्रश्न कुठल्याही यंत्राइतका मोलाचा आहे. उत्तर ‘हो’ आले तर आधी विरघळणारी चाचणी-कॅप्सूल देतात. ती ठरावीक वेळेत अखंड बाहेर पडली तर वाट मोकळी. अडकलीच तर बहुधा आतल्या आत विरघळून जाते. खरी कॅप्सूल अडकली तरी पुष्कळदा काहीच दुखत नाही. ती औषधाने, लांब दुर्बिणीने किंवा शस्त्रक्रियेने काढतात, आणि जिथे अडकली तो भागच कधी आजाराचे मूळ निघतो.

गिळायला त्रास होणाऱ्या, विशेषतः पक्षाघात झालेल्या वृद्धांत, गोळी श्वासनलिकेत जाण्याचा क्वचित धोका असतो. अशांना आणि लहान मुलांना ती दुर्बिणीच्या मदतीने थेट ग्रहणीत सोडतात. पेसमेकरमध्ये अडथळा आल्याचे अनुभव फारसे नाहीत, तरी तो बसवलेला असल्याचे आधी सांगायलाच हवे. गरोदरपणात ही तपासणी सहसा टाळतात.

गोळी बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय अजिबात करायचा नाही; आतल्या धातूला ते चुंबक ओढू शकते. साधारणतः एक-दोन दिवसांत ती शौचावाटे जाते, पण पुष्कळांना कळतही नाही. शेवटच्या चित्रांत मोठे आतडे दिसले नसेल आणि गोळी पडताना कोणी पाहिली नसेल, तर पोटाचा साधा एक्स-रे काढतात. पोटदुखी, उलट्या, ताप किंवा छातीत दुखणे यांपैकी काही झाले तर एक्स-रेची तारीख येईपर्यंत थांबू नये.

मोठ्या आतड्यासाठी दोन्ही टोकांना कॅमेरे असलेल्या कॅप्सूल निघाल्या आहेत, आणि जठरासाठी बाहेरून चुंबकाने फिरवता येणाऱ्या. एका प्रकारात चारही बाजूंना कॅमेरे असतात आणि चित्रे गोळीतच साठतात. कमरेला काही बांधावे लागत नाही. तिथे मात्र ती फ्लश करून चालत नाही. रुग्णाने ती शौचातून शोधून, धुऊन डॉक्टरांकडे परत द्यायची असते.