सव्हानाची जुनी पेठ कशी टिकली

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील सव्हाना या बंदराच्या शहरात राहायला जाणाऱ्याला जुन्या पेठेचे जे आकर्षण वाटते, ते मुख्यतः पायी चालण्याचे आहे. दर दोन-तीन मिनिटांच्या अंतरावर झाडांनी झाकलेला एक चौक लागतो, त्याच्या कडेने चर्च, जुनी घरे, एखादे संग्रहालय किंवा खाणावळ असते, आणि गाड्यांना त्या चौकाला वळसा घालून जावे लागत असल्यामुळे त्यांचा वेग आपोआप उतरतो. हे सारे दक्षिणेच्या निवांत स्वभावातून उगवले, असे पर्यटकांना आवर्जून सांगितले जाते. प्रत्यक्षात त्यामागे अठराव्या शतकातील एक काटेकोर आखणी, नंतरची दीर्घ आर्थिक मंदी आणि विसाव्या शतकातील काही नागरिकांचा हट्ट अशा तीन गोष्टी आहेत, आणि त्यांपैकी मंदीचा वाटा सहसा सांगितला जात नाही.

जॉर्जिया वसाहतीचा इंग्रज संस्थापक जेम्स ओगलथॉर्प १२ फेब्रुवारी १७३३ रोजी वसाहतवाल्यांसह नदीकाठच्या उंच कड्यावर उतरला, तेव्हा तेथे यामाक्रॉ या मूळनिवासी लोकांची वस्ती होती आणि टोमोचिची हा त्यांचा प्रमुख होता. त्याच्या संमतीने आणि सहकार्याने शहर वसवले गेले. ओगलथॉर्पने शहराची विभागणी वॉर्डांमध्ये केली. प्रत्येक वॉर्डाच्या मध्यभागी मोकळा चौक, त्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला घरांसाठी एकूण ४० भूखंड, आणि पूर्व-पश्चिम बाजूंना चर्च, न्यायालय, बाजार यांसारख्या सार्वजनिक इमारतींसाठी राखलेल्या चार मोठ्या जागा, असा हा साचा होता. घराचा भूखंड ६० फूट रुंद आणि ९० फूट खोल असे. आरंभी असे चारच वॉर्ड होते. पण भोवतालची सामाईक जमीन नगराच्या ताब्यात असल्यामुळे लोकसंख्या वाढेल तसा तोच साचा पुढे पुढे उमटवता आला. १८५१ पर्यंत चौकांची संख्या २४ झाली. एका मूळ आराखड्याला सुमारे १२० वर्षे इतक्या निष्ठेने चिकटून राहिलेले शहर अमेरिकेत विरळा.

वसाहतीच्या विश्वस्तांनी १७३५ मध्ये गुलामगिरीला आणि रमला बंदी घातली होती. गुलामगिरीच्या बंदीमागे भूतदयेपेक्षा संरक्षणाचा हिशेब अधिक होता, कारण दक्षिणेला स्पॅनिश फ्लोरिडा होते आणि सीमेवर स्वतःची शेती कसणारे, वेळ पडल्यास बंदूक उचलणारे लोक हवे होते. ही बंदी १७५१ मध्ये उठली. १७९३ मध्ये सव्हानाजवळच्या मलबेरी ग्रोव्ह मळ्यावर एलाय व्हिटनीने सरकी वेगळी करण्याचे यंत्र तयार केले आणि कापसाच्या व्यापाराने शहराचे रूपच पालटले. आज नदीकाठी ज्या उंच गोदामांत दुकाने आणि उपाहारगृहे आहेत, ती कापूस साठवण्यासाठी आणि दलालांच्या कचेऱ्यांसाठी बांधली गेली. गोदामांसमोरच्या रस्त्याला युरोपातून आलेल्या जहाजांनी तोल राखण्यासाठी आणलेले दगड बसवले गेले. ज्या करड्या विटांना आज ‘सव्हाना ग्रे’ म्हणून मोल आहे, त्या शहराबाहेरील हर्मिटेज मळ्यावर गुलाम केलेल्या माणसांनी भाजलेल्या आहेत. १८१९ मध्ये विल्यम जे या तरुण इंग्रज वास्तुरचनाकाराच्या आराखड्यानुसार पूर्ण झालेले ओवेन्स-थॉमस घर पाहताना पूर्वी फक्त दिवाणखाना दाखवला जात असे, असे जुन्या वास्तूंच्या बाबतीत सर्रास घडले आहे. आता तेथे मागच्या अंगणातील गुलामांच्या खोल्याही दाखवतात, आणि त्या पाहिल्याशिवाय ते घर समजत नाही. १८५९ मध्ये शहराबाहेरच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दोन दिवसांत चारशेहून अधिक माणसांचा लिलाव झाला. त्याच वर्षी फ्रँकलिन चौकात फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्चची इमारत पूर्ण झाली. तिच्या बांधकामात गुलाम असलेल्या भाविकांनी दिवसभराच्या कामानंतर रात्री श्रम केले होते.

यादवी युद्धात शहर जळाले नाही, कारण डिसेंबर १८६४ मध्ये महापौरांनी ते न लढता उत्तरेच्या सैन्याच्या जनरल शर्मनच्या स्वाधीन केले. शर्मनने ते लिंकनला नाताळची भेट म्हणून देऊ केले, ही कथा मार्गदर्शक रंगवून सांगतात. त्याहून महत्त्वाची घटना १२ जानेवारी १८६५ ची आहे. मॅडिसन चौकातील ज्या घरात शर्मनचा मुक्काम होता, तेथे २० कृष्णवर्णीय धर्मोपदेशक त्याला भेटले आणि त्यांचे प्रवक्ते गॅरिसन फ्रेझियर यांनी मुक्त झालेल्यांना स्वतःची जमीन हवी असल्याचे सांगितले. चार दिवसांनी किनाऱ्यालगतची जमीन अशा कुटुंबांना कमाल ४० एकरांच्या तुकड्यांत देण्याचा हुकूम निघाला; तो त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी फिरवला.

१९२० च्या दशकात बोंडावर पडणाऱ्या भुंगेऱ्याने कापसाचे पीक खाल्ले आणि शहराचा व्यापार बसला. श्रीमंत कुटुंबे दक्षिणेकडच्या नव्या वसाहतींत गेली, मोठी घरे खोल्याखोल्यांत विभागून भाड्याने दिली गेली, आणि डागडुजी थांबली. पण पैसाच नसल्यामुळे जुने पाडून नवे बांधण्याचीही कोणाला घाई नव्हती, म्हणून शेकडो इमारती मोडकळीस आल्या तरी उभ्या राहिल्या. खरा घाव घातला तो मोटारीने. १९३५ मध्ये मॉन्टगोमेरी स्ट्रीटवरून महामार्ग नेताना तेथील चौक चिरले गेले. एल्बर्ट आणि लिबर्टी हे दोन चौक आजही परत मिळालेले नाहीत. १९५४ मध्ये एलिस चौकातील जुनी मंडई पाडून तेथे मोटारींसाठी बहुमजली वाहनतळ उभारण्यात आला.

मंडई गेल्याने लोक हळहळले; डेव्हनपोर्ट घरावर तीच वेळ आल्यावर मात्र त्यांनी हालचाल केली. आयझाया डेव्हनपोर्ट या बांधकाम व्यावसायिकाने १८२० मध्ये स्वतःसाठी बांधलेले हे घर तोवर दाटीवाटीची चाळ झाले होते, आणि शेजारच्या अंत्यविधी संस्थेला तेथे वाहने उभी करण्यासाठी जागा हवी होती. १९५५ मध्ये सात स्त्रियांनी पुढाकार घेऊन २२,५०० डॉलर उभे केले, घर विकत घेतले आणि हिस्टॉरिक सव्हाना फाउंडेशन स्थापन केले. पुढे या संस्थेने जी रीत बसवली, ती घर वाचवण्याइतकीच महत्त्वाची आहे. धोक्यात आलेले घर संस्था फिरत्या निधीतून विकत घेई, ते पाडता येणार नाही आणि ठरावीक मुदतीत दुरुस्त करावे लागेल अशी अट खरेदीखतात घाली, मग ते राहू इच्छिणाऱ्याला विकून आलेल्या पैशांतून पुढचे घर घेई. त्या काळी काही घरांना केवळ विटांसाठी गिऱ्हाईक मिळत असे, त्यामुळे हा व्यवहार बहुधा घर पाडणाऱ्याच्या आधी पोहोचण्याचा होता. १९६६ मध्ये जुन्या पेठेला राष्ट्रीय ऐतिहासिक क्षेत्राचा दर्जा मिळाला.

नेमक्या याच वर्षांत पेठेत दुसरा एक लढा चालू होता, आणि जतनाच्या इतिहासात तो सहसा वेगळा ठेवला जातो, ते मला पटत नाही. १६ मार्च १९६० रोजी ब्रॉटन स्ट्रीटवरील दुकानांत फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या टेबलांवर कृष्णवर्णीय विद्यार्थी बसले आणि त्यांना अटक झाली. त्यानंतर त्या रस्त्यावरील दुकानांवर बहिष्कार पडला आणि १९६१ च्या शरद ऋतूत दुकानदारांनी माघार घेतली. या चळवळीचे नेते डब्ल्यू. डब्ल्यू. लॉ पोस्टमन होते. ब्रॉटन स्ट्रीटपासून काही पावलांवर, कृष्णवर्णीयांच्या व्यापाराचे केंद्र असलेल्या वेस्ट ब्रॉड स्ट्रीटवरील भव्य युनियन स्टेशन मात्र १९६३ मध्ये आंतरराज्य महामार्गासाठी पाडले गेले, त्याबरोबर रस्त्याचा व्यवसाय ओसरला. आपल्या लोकांच्या वास्तू इतर कोणी राखणार नाही हे ओळखून लॉ यांनी पुढची वर्षे त्याच कामाला दिली. किंग-टिस्डेल कॉटेज, मुक्त झालेल्यांसाठी उभारलेली बीच इन्स्टिट्यूट ही शाळा आणि १९९६ मध्ये उघडलेले नागरी हक्कांचे संग्रहालय हे त्याचे फळ आहे.

घरे दुरुस्त झाली की भाडी वाढली, आणि पडक्या खोल्यांत राहणाऱ्यांना बाहेर पडावे लागले. हे ओळखणाऱ्यांत फाउंडेशनचे एक प्रमुख कार्यकर्ते ली ॲडलर होते. पेठेच्या दक्षिणेला लागून असलेल्या व्हिक्टोरियन भागातील घरे नीट करून ती तेथल्याच कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना भाड्याने द्यावीत, यासाठी त्यांनी १९७४ मध्ये वेगळी संस्था काढली. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या सव्हाना कॉलेज ऑफ आर्ट अँड डिझाइनने वेगळा आवार न बांधता जुनी शस्त्रागाराची इमारत, शाळा, गोदामे, चित्रपटगृहे अशा रिकाम्या वास्तू घेऊन त्यांत वर्ग भरवले. विद्यार्थ्यांमुळे रस्त्यांवर रात्रीही वर्दळ राहू लागली. एलिस चौकातला वाहनतळ अखेर जमिनीखाली गेला आणि २०१० मध्ये चौक पुन्हा लोकांसाठी खुला झाला. आज अस्तित्वात असलेल्या चौकांची संख्या त्यामुळे २२ आहे.

रमबंदीने सुरुवात झालेल्या या शहरात आता पेठेच्या हद्दीत १६ औंसांपर्यंतचा प्लास्टिकचा पेला हातात घेऊन रस्त्यावर मद्य पिता येते, आणि १८२४ पासून निघणाऱ्या सेंट पॅट्रिक दिनाच्या मिरवणुकीला देशभरातून गर्दी लोटते. गुलामगिरीचे समर्थक जॉन कॅल्हून यांचे नाव एका चौकावरून २०२२ मध्ये काढले गेले आणि पुढच्या वर्षी तो सुझी किंग टेलर यांच्या नावे झाला. त्या लहानपणी सव्हानामध्ये चोरून लिहायला-वाचायला शिकल्या आणि युद्धकाळात कृष्णवर्णीय सैनिकांच्या परिचारिका व शिक्षिका बनल्या. कायम राहणाऱ्यांची आजची मोठी तक्रार अल्प मुदतीच्या भाड्याच्या घरांबद्दल आहे. आठवड्याअखेरीला चाके लावलेल्या बॅगा ओढणारे पाहुणे येतात आणि इतर दिवशी शेजारी दिवा लागत नाही, अशी घरे वाढल्यावर नगरपालिकेने २०१७ मध्ये नियम केला की, मालक स्वतः राहत नसेल अशी भाड्याची घरे प्रत्येक वॉर्डातील निवासी मालमत्तांच्या २० टक्क्यांहून अधिक असू नयेत. मालक राहत असलेल्या घराच्या तळमजल्यावरील किंवा मागच्या गल्लीतील जुन्या घोडागाडीखान्यातील खोल्यांना ही मर्यादा लागू नाही, आणि म्हणूनच पेठेत घर घेणारी अनेक कुटुंबे वर स्वतः राहून खालचा मजला पाहुण्यांना देतात.