चप्पल स्टँडचा बिल्ला आणि विसरभोळा सर्व्हर

मागच्या महिन्यात इंदिरानगरमधला एक डिप्लोमाचा मुलगा लॅपटॉप घेऊन घरी आला. आपल्या सोसायटीसाठी त्यानं वेबसाइट केली होती. लॉगिन करा, मेंटेनन्सचं बिल बघा, पावती काढा. दिसायला झकास. मी लॉगिन केलं आणि ब्राउझरनं साठवलेली कुकी उघडून पाहिली. आत साधं लिहिलं होतं, ‘फ्लॅट १७’. मी १७चे १८ केले, पान पुन्हा लोड केलं, आणि शेजारच्या काकांची चार महिन्यांची थकबाकी समोर हजर! मुलाचा चेहरा उतरला. म्हणाला, “पण सर, मी पासवर्ड विचारला होता की!”

विचारला होता, खरं आहे. घोळ त्याच्या पुढं होता.

वेब ज्या एचटीटीपी नियमांवर चालतं ते मुळातच विसरभोळे आहेत. ब्राउझरनं पान मागितलं, सर्व्हरनं (वेबसाइट जिथं राहते त्या संगणकानं) दिलं, विषय संपला. पुढच्या क्षणी तुम्हीच दुसरं पान मागितलंत, तरी सर्व्हरच्या लेखी तुम्ही अनोळखी. मग दर पानाला पासवर्ड टाकायचा का? यावर १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी तोडगा काढला: सर्व्हरनं एक चिठ्ठी द्यायची आणि ब्राउझरनं दर खेपेला ती परत दाखवायची. हीच कुकी. ‘कुकी ॲक्सेप्ट केली की फोनमध्ये व्हायरस शिरतो’ असे फॉरवर्ड मला अजून येतात. अहो, कुकी हा प्रोग्रामच नाही, मजकुराचा तुकडा आहे. तिचा वापर लोकांवर पाळत ठेवायला होतो, ते खरं, पण तो वेगळा विषय.

आता श्रावणी सोमवारी गर्दीच्या देवळाबाहेरचा चप्पल स्टँड आठवा. जोडे दिले की बिल्ला मिळतो. बिल्ल्यावर तुमचं नाव नसतं, जोड्यांची कंपनी नसते, नुसता आकडा. कुठल्या आकड्याच्या खणात काय आहे, ते स्टँडवाल्याकडे. पीएचपी ही वेबसाइट लिहायची भाषा. तिच्या फ्रेमवर्कमधली, म्हणजे तयार सांगाड्यातली, सेशन लायब्ररी (एकाच माणसाच्या मागण्या एकत्र लक्षात ठेवणारा तयार कोड) हेच करते. कुकीत फक्त क्रमांक, आणि ‘हा फ्लॅट १७चा माणूस, लॉगिन झालेला’ ही माहिती सर्व्हरच्या खणात. माझ्या या विद्यार्थ्यानं खणच ठेवले नव्हते. जो जे सांगेल ते खरं!

त्याचं सगळं काम कोडइग्नायटर या फ्रेमवर्कमध्ये होतं. २००६ साली आलेलं हे फ्रेमवर्क आटोपशीर आहे आणि त्याच्या पोतडीत फॉर्म तपासणं, ईमेल पाठवणं, फाइल अपलोड, पानांचे क्रमांक अशा पुष्कळ तयार लायब्ररी आहेत. त्यातली सेशनची सोडून बाकी सगळ्या त्यानं वापरल्या होत्या. लॉगिनचा भाग चॅटबॉटकडून लिहून घेतला होता म्हणे. चॅटबॉटनं मागितलं तेवढं दिलं. १७चे १८ करणारा शेजारी कोणी मागितलाच नव्हता.

गंमत म्हणजे कोडइग्नायटरच्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत ही लायब्ररीसुद्धा माहिती कुकीतच ठेवायची. खाडाखोड कळावी म्हणून सोबत ठसा असायचा, पण चप्पल हातात घेऊन दर्शनाला जाण्यातला प्रकार, आणि कुकीत मावतं जेमतेम ४ किलोबाइट. २०१५च्या तिसऱ्या आवृत्तीत ती नव्यानं लिहिली गेली आणि माहिती सर्व्हरवर गेली.

पण खरी मजा आकड्यात आहे. पितळी बिल्ला कोणी घरी ओतून आणत नाही, म्हणून स्टँडवर १७ नंतर १८ चालतो. इथं बिल्ला म्हणजे नुसती अक्षरं, कोणीही टाइप करावीत. मग त्याचं संरक्षण एकच: तो ओळखता येऊ नये. पीएचपीच्या मूळ पद्धतीत क्रमांक ३२ चिन्हांचा असतो आणि प्रत्येक जागी १६ चिन्हांपैकी एक. एकूण शक्यता २चा १२८वा घात, म्हणजे ३४ वर ३७ शून्यं. सेकंदाला अब्ज क्रमांक तपासले तरी सगळे संपायला विश्वाच्या आजच्या वयाच्या सुमारे ७८ हजार कोटी पट काळ लागेल.

हे गणित चालतं ते फक्त क्रमांक खरोखर अंदाज न लागणारा असेल तरच. १९९५ साली इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी नेटस्केपचं सांकेतिकीकरण फोडलं. गुप्त किल्ली ज्या बीजातून उगवायची ते बीज होतं घड्याळातली वेळ आणि चालू प्रोग्रामचे क्रमांक. अंदाज बांधायला फार काही उरतच नव्हतं. आज पीएचपी हे काम ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवतं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा डिस्कनं उत्तर कधी दिलं, नेटवर्कवरचं पाकीट नेमकं कधी आलं, असल्या नॅनोसेकंदांच्या चढउतारातून अनिश्चितता गोळा करतो आणि ती चाचा२० नावाच्या गणिती घुसळणीतून काढतो. (आपल्या चाचांशी संबंध नाही, आधीचं होतं साल्सा२०, दोन्ही नाचांची नावं.) गाडीला ‘लकी नंबर’ मिळावा म्हणून आरटीओत जादा पैसे मोजणाऱ्यांनी इकडं जरा लक्ष द्यावं. इथं कोणताही आकडा शुभ नाही. आवडीचा आकडा म्हणजे चोराला दिलेला इशारा.

क्रमांक ओळखता येत नसला तरी एक आडवाट उरते. समजा भामट्यानं आधी स्वतः बिल्ला घेतला आणि कुठल्याशा लिंकमधून तोच तुमच्या ब्राउझरला चिकटवला. तुम्ही त्या बिल्ल्यावर लॉगिन केलंत. आता खणात तुमची ओळख पडली, आणि त्या खणाचा क्रमांक भामट्याला पाठ आहे! याला सेशन फिक्सेशन म्हणतात. उपाय: लॉगिन झाल्याक्षणी बिल्ला बदलायचा, जुना रद्द. कोडइग्नायटर आपणहून साधारण ३०० सेकंदांनी क्रमांक बदलतं, पण लॉगिन कधी झालं हे सेशन लायब्ररीला कळत नाही. तिथं तिचं पुनर्निर्मितीचं फंक्शन प्रोग्रामरनं स्वतः बोलवावं लागतं. एका ओळीचं काम.

आणखी एक खोच, थोडी किचकट आहे. खण फाइलमध्ये असतील तर एका वेळी एकच विनंती (ब्राउझरनं केलेली पानाची मागणी) तो खण उघडू शकते, बाकीच्या कुलूप निघेपर्यंत रांगेत. नाहीतर दोन विनंत्या एकाच वेळी जुनी माहिती वाचतील आणि नंतरची लिहिणारी आधीचीचं लिखाण पुसून टाकेल. म्हणून एका टॅबमध्ये वर्षभराचा अहवाल तयार होत असताना दुसरा टॅब नुसता गरगर फिरत राहतो. लोक म्हणतात नेट स्लो आहे. नेट बिचारं ठीक असतं. खणातलं काम संपलं की प्रोग्रामनं तो लगेच बंद करून टाकला तर रांग हलते.

मुलानं दोन दिवसांत सगळं बदललं. १७चे १८ करायला आता कुकीत १७च नव्हता. आठवड्यानं त्याचा फोन आला, “सर, सर्व्हरवर सेशनच्या फोल्डरमध्ये चार दिवसांपूर्वीच्या फाइली पडल्यात. मुदत तर ७२०० सेकंदांची आहे ना?”

आहे. पण पीएचपीकडे स्टँड झाडायला वेगळा माणूस नसतो. मूळ मांडणीत एखादी विनंती सेशन उघडते तेव्हा शंभरात एक अशी चिठ्ठी निघते, आणि ज्याच्या नावानं निघाली त्याच्याकडून बेवारस जोडे बाहेर फेकून घेतले जातात. त्याची सोसायटी २४ फ्लॅटची. महिन्याच्या १० तारखेपर्यंत बिलं भरायची झुंबड, मग त्या साइटकडे फिरकतंय कोण? मी त्याला विचारलं, “आज तारीख किती?”

“चौदा,” तो म्हणाला, आणि हसायला लागला.