सर्व्हिस होस्ट

सर्व्हिस होस्ट : सर्व्हरवर कोणी लॉगिन केलेले असो वा नसो, पडद्याआड अखंड चालणाऱ्या कामांना, म्हणजे ‘सर्व्हिस’ना, आपल्या पोटात घेऊन चालवणारा प्रोग्राम. रांगेतले ईमेल पाठवणे, रात्री हिशेब जुळवणे, एका प्रणालीतली फाइल दुसरीकडे पोचवणे ही त्याची नेहमीची कामे. त्याला खिडकी नसते, बटणे नसतात. मुंबईतल्या आयटीवाल्यांच्या बोलीत सर्व्हिस ‘उठते’, ‘पडते’ किंवा ‘लटकते’. यातली तिसरी अवस्था सर्वांत वाईट, कारण काम थांबलेले असूनही यादीत ती ‘चालू’ दिसत राहते.

युनिक्स आणि तिच्या वळणाच्या लिनक्ससारख्या संगणक-प्रणालींच्या जगात अशा कामाला डीमन म्हणतात. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीमधील प्रोजेक्ट मॅक या संगणक-संशोधन प्रकल्पावर काम करणाऱ्यांनी हा शब्द रूढ केला. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने रेणूंची निवड करत बसणारा एक काल्पनिक जीव मांडला होता, त्याच्यावरून. तेव्हा याचे भाषांतर ‘भूत’ असे करू नये. कोकणातला राखणदार त्याला अधिक जवळचा : दिसत नाही, पण वेशीवर असतो.

एका होस्टमध्ये अनेक सर्व्हिस राहू शकतात. विंडोज २००० पासूनचा एसव्हीसीहोस्ट हा त्याचा प्रसिद्ध नमुना. मेमरी महाग होती तेव्हा एका प्रक्रियेत दहा सर्व्हिस कोंबणे परवडायचे, पण चाळीतल्या सामाईक नळासारखे एकाने घोळ घातला की सगळ्यांचे पाणी तुटायचे. २०१७ मध्ये विंडोज १० ने साडेतीन जीबीहून अधिक मेमरी असलेल्या यंत्रांवर बहुतेक सर्व्हिसना स्वतंत्र बिऱ्हाड करून दिले. आपला स्वतःचा होस्ट लिहिणाऱ्यानेही हा धडा घ्यावा; पैशांच्या व्यवहाराचे आणि अहवाल बनवण्याचे काम एकाच होस्टमध्ये ठेवणे ही काटकसर नव्हे.

इन्स्टॉल करणे म्हणजे फाइल कॉपी करणे नव्हे, व्यवस्थापकाकडे नोंद करणे. विंडोजवर ही नोंद सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर या व्यवस्थापकाकडे होते. ‘एससी क्रिएट’ या आज्ञेत बरोबरच्या चिन्हानंतर एक मोकळी जागा सोडावी लागते आणि त्या एका जागेपायी अनेकांची संध्याकाळ गेली आहे. लिनक्सवर २०१० साली आलेल्या सिस्टिमडी या व्यवस्थापकाने हे काम एका छोट्या मजकूर-फाइलवर आणले : कोणता प्रोग्राम, कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने, कशाच्या नंतर. फाइल बदलली की ती पुन्हा वाचायला लावणारी ‘डीमन-रीलोड’ ही आज्ञा द्यावी लागते. शिवाय ‘स्टार्ट’ आणि ‘इनेबल’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने सर्व्हिस आत्ता उठते, दुसरीने यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर आपणहून उठते.

हा फरक कळतो तो वीज गेल्यावर. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई महानगराची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी ऐरोली-महापेची मोठी डेटा सेंटरे जनरेटरवर तग धरतात. छोट्या कचेरीत टेबलाखाली ठेवलेल्या सर्व्हरचा यूपीएस मात्र संपतो. वीज आली की सर्व्हर सुरू होतो, ‘इनेबल’ न केलेली सर्व्हिस झोपलेलीच राहते, आणि तिला उठवणारा माणूस गाडीत अडकलेला असतो.

मांडणीतला खरा प्रश्न खात्याचा, म्हणजे सर्व्हिस कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने चालते याचा. विंडोजवर ‘लोकल सिस्टिम’ खाते दिले की सगळे चालते, म्हणून घाईत तेच दिले जाते. पण ती यंत्राची सगळी दारे उघडणारी किल्ली आहे. वेगळे खाते करावे, त्याला सर्व्हिस म्हणून लॉगिन करण्याचा हक्क आणि लागतील तेवढ्याच फोल्डरांची परवानगी द्यावी. त्या खात्याच्या पासवर्डची मुदत संपली तरी चालू सर्व्हिस चालतच राहते. पडते ती पुढच्या रिस्टार्टला, कधी महिन्यांनी, आणि तेव्हा सगळे जण नव्या बदलावर संशय घेतात.

हाताने चालवला तर नीट चालणारा प्रोग्राम सर्व्हिस म्हणून का पडतो, याची उत्तरेही याच भागात सापडतात. तुमच्या लॉगिनला जोडलेला, नेटवर्कवरचा ‘झेड ड्राइव्ह’ सर्व्हिसला दिसत नाही. तिचे चालू फोल्डर सहसा विंडोजचे स्वतःचे सिस्टिम३२ असते, त्यामुळे फाइलचा अर्धवट दिलेला पत्ता भलतीकडे जातो. विंडोज व्हिस्टापासून सर्व्हिस ‘शून्य’ क्रमांकाच्या वेगळ्या सत्रात चालतात. प्रोग्रामने ‘ओके’ दाबायला लावणारी चौकट उघडली, तर ती कोणाच्याच पडद्यावर नीट येत नाही आणि सर्व्हिस त्या ‘ओके’ची वाट बघत लटकते. विंडोजवर उठल्याचा निरोप तीस सेकंदांत न दिल्यास १०५३ क्रमांकाची चूक येते. म्हणून सुरुवातीलाच डेटाबेस भरत बसू नये. आधी ‘उठलो’ म्हणावे, मग कामाला लागावे.

पडल्यावर पुन्हा उठवण्याची सोय दोन्हीकडे आहे, पण नव्या सर्व्हिसला ती आपोआप मिळत नाही, लावावी लागते. त्यातही एक खोच आहे. प्रोग्रामने आतली चूक गिळून ‘शून्य’ परत केले, म्हणजे ‘काम संपले, सगळे ठीक’ असे सांगितले, तर पडल्यावर उठवणारी सिस्टिमडीची ‘ऑन-फेल्युअर’ ही सोय हलत नाही. नीट बंद झाल्याचा निरोप मिळाला की विंडोजही गप्प राहते. अपयश आले तर अपयश म्हणूनच बाहेर पडावे.

वेळेचा घोळ हा मुंबईकराच्या परिचयाचा. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली आली तरी या शहराने स्वतःची, ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत जपली. आज सर्व्हर बहुधा जागतिक समन्वित वेळेवर असतो, म्हणून मध्यरात्री बाराला लावलेले काम इथे पहाटे साडेपाचला सुरू होते. शेअर बाजाराशी जोडलेल्या यंत्रणेत बाजार उघडण्याच्या, म्हणजे सव्वानऊच्या आत काम संपले नाही तर पंचाईत. बदल करायचे ते बाजार बंद झाल्यावर, साडेतीननंतर. बँकांमधून पैसे पाठवण्याची एनईएफटी ही सोय १६ डिसेंबर २०१९ पासून आठ प्रहर चालते, अर्ध्या तासाची एक अशा दिवसाला ४८ तुकड्यांत. त्यामुळे ‘रात्री कोण बघतंय’ हे गणित बँकांच्या सर्व्हरवर उरले नाही. बंद होताना हातातला व्यवहार पूर्ण करण्यापुरती सवड द्यावी लागते. सिस्टिमडी थांबण्याचा निरोप देऊन मुळात ९० सेकंद वाट पाहते, मग सरळ मारते.

सर्व्हिस काढून टाकताना आधी थांबवावी, मग नोंद पुसावी. विंडोजवर सर्व्हिसची यादी कुठल्याही पडद्यावर उघडी राहिली असेल तर नोंद ‘पुसण्यासाठी चिन्हांकित’ होऊन तशीच लोंबकळते. खिडकी बंद केली की जाते.